सतरा कळांची जागा

भूमितीची वही सहीसाठी लेकाने पुढे केली आणि माझी नजर एका त्रिकोणावर अडकली. शिरोबिंदूतून पायावर टाकलेला लंब अर्ध्यापर्यंत सुरेख सरळ आला होता आणि तिथे एकदम थरथरला होता, कुणी हाताला धक्का दिल्यासारखा. पुढच्या पानावरच्या वर्तुळाचीही तीच गत. सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटलेच नव्हते, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. शेजारी बाईंचा लाल शेरा, ‘आकृती काळजीपूर्वक काढणे.’ मी विचारलं, ‘‘घाईत काढलीस का रे?’’ तर दप्तर भरता भरता तो म्हणाला, ‘‘नाही गं. तिथे कोपर टेकत नाही ना, बाहेर राहतं.’’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आहे, छत्री घेतो, असं सांगावं तसं सांगितलं त्याने. मी सही केली, तो शाळेत गेला, आणि ते ‘बाहेर राहतं’ दिवसभर माझ्या डोक्यात राहिलं.

आमचं घर भांडुपला, एक खोली आणि स्वयंपाकघर. टेबल म्हणजे भिंतीला बिजागऱ्यांवर बसवलेली फळी. रात्री अंथरुणं घालायच्या वेळी ती खाली पाडायची, सकाळी साखळ्या अडकवून पुन्हा आडवी करायची. लॅपटॉप तिच्या वर, भिंतीतल्या छोट्या कप्प्यावर, डोळ्यांच्या रेषेत. फळीवर डावीकडे माझा कीबोर्ड आणि माऊस, उजवीकडे लेकाचा अभ्यास. मी घरून मुद्रितशोधनाची आणि भाषांतराची कामं करते, त्यामुळे संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत आम्ही दोघं त्या फळीला खांद्याला खांदा लावून बसलेले असतो. तीन वर्षं हे असंच चाललंय आणि तीन वर्षांत मी एकदाही त्याच्या कोपराकडे पाहिलं नव्हतं. त्या दुपारी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. फळी ३६ इंच. कीबोर्ड सव्वासतरा इंच. माऊस आणि त्याला इकडेतिकडे फिरायला लागणारी जागा ८ इंच. उरले पावणेअकरा. लेकाची वही उघडून ठेवली तर तीच साडेतेरा इंच भरली. म्हणजे उजव्या पानाची एक पट्टी हवेत, आणि लिहिणाऱ्या हाताचं कोपर तिच्याही पलीकडे.

पावणेतीन इंच कमी पडत होते. दहावीचं वर्ष, आणि पावणेतीन इंच.

मग मी कीबोर्डकडेच नीट बघितलं. रोज आठ तास ज्याच्यावर बोटं असतात ती वस्तू आपण बघत नाही, हे तेव्हा कळलं. मधल्या कळा तुपाचा हात फिरल्यासारख्या गुळगुळीत, चकचकीत झालेल्या. डकवलेल्या देवनागरी स्टिकरांपैकी कान्याचं स्टिकर केव्हाच पुसलं गेलंय, त्याच्या पाठोपाठ हलन्ताचं. आणि उजव्या टोकाला आकड्यांचा तो चौकोन मात्र नव्या कोऱ्या प्लास्टिकसारखा खरखरीत, कळांच्या फटींत धूळ न हललेली. मोजल्या तर सतरा कळा. शून्य ते नऊ, बेरीज-वजाबाकीची चिन्हं, एक जादा एंटर, नम लॉक. शेवटचा कधी हात लावला होता यांना? आठवेना. माझ्या मुलाच्या कोपराची जागा मी सतरा कळांना देऊन बसले होते.

असं म्हटलं खरं, पण त्या सतरा कळांचं माझ्यावर ऋण आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दादरला एका डीटीपी सेंटरवर, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवून देणाऱ्या दुकानात, कामाला लागले तेव्हा मराठी अक्षरं फॉन्टात कोंबलेली असायची. इंग्रजीच्या ए-बी-सीच्या जागांवर आपली अक्षरं चढवलेली, आणि जी जोडाक्षरं तिथे मावली नाहीत ती मागच्या दाराने यायची. अल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या चौकोनात आकडे मारायचे, की एक अक्षर उमटायचं. वरच्या रांगेतले आकडे त्याला चालत नसत, उजवीकडचेच हवेत. मॉनिटरच्या कडेला त्या आकड्यांची यादी चिकटपट्टीने लावलेली असे, आणि लग्नसराईत पत्रिकांची रीघ लागली की यादीकडे बघायचीही गरज उरत नसे, उजवा हात आपोआप जाई. चि. आणि चि. सौ. कां. यांच्या संसाराला त्या सतरा कळांतून गेल्याशिवाय छापखान्याची वाट सापडत नव्हती. मग युनिकोड आलं, प्रत्येक अक्षराला जगात आपला स्वतंत्र क्रमांक मिळाला, आणि मराठी त्या चौकोनातून बाहेर पडली. चौकोन मात्र फळीवर तसाच राहिला.

मोजमाप करता करता मला अण्णांची फार आठवण येत होती. आम्ही तेव्हा गिरगावात, ठाकूरद्वारला चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली. अण्णा फोर्टात एका वकिलांकडे टंकलेखक होते आणि संध्याकाळी घरी बाहेरची कामं घ्यायचे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, कुणाचा तरी प्रबंध. टाइपरायटर गोदरेजचा, राखाडी, इतका जड की आई आणि अण्णा दोघं मिळून तो उचलून टेबलावर ठेवत. खाली जुन्या गोधडीची चौघडी, म्हणजे आवाज शेजारच्या खोलीत जाऊ नये. तरी जायचाच. शेजारच्या मावशी म्हणायच्या, ‘‘असू दे हो, तुमचा खडखडाट थांबला की मला कळतं साडेदहा वाजले.’’ मी त्याच टेबलावर अण्णांच्या डावीकडे अभ्यासाला बसायची. टाइपरायटर वापरलेल्या माणसाला सांगायला नको, ओळ सुरू होते तेव्हा कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता भाग, उजवीकडे असतं आणि अक्षरागणिक एकेक पाऊल डावीकडे सरकतं. डावीकडे मी. ओळ भरत आली की ते लोखंडी टोक माझ्या वहीच्या अंगावर यायचं. पण त्याआधी घंटी वाजायची. टिंग! ओळ संपायला सहा-सात अक्षरं उरली, असं सांगणारी ती घंटी अण्णांसाठी होती, पण मीही तिच्यावर जगायची. टिंग झालं की वही आणि कोपर मागे, अण्णा दांडी ओढून कॅरेज परत उजवीकडे नेणार, की मी पुन्हा पुढे. पाढे पाठ करावेत तशी ही हालचाल अंगात भिनली होती. क्वचित चुकायची, मग मनगटावर टोक लागायचं आणि अण्णांचा हात थांबायचा. ‘‘लागलं का गं?’’

त्या टाइपरायटरवर मराठी लिहिणं म्हणजे गवंडीकाम होतं. आधी अर्धं अक्षर, मग त्याला काना देऊन ते पुरं करायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती डावीकडे दिसते. काही मात्रांच्या कळा कॅरेज पुढे ढकलत नसत, अक्षर यायच्या आधीच जागा धरून ठेवायच्या. अण्णा हे सगळं न बघता करायचे. मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरची भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी, शिकायला घेतला तेव्हा हीच सवय मोडायला मला सर्वांत जास्त त्रास झाला, कारण तिथे वेलांटी उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. ‘वि’ म्हणताना आधी व, मग वेलांटी. बोटं कित्येक दिवस अण्णांच्या वळणाने आधी वेलांटीकडे धावायची.

आता कीबोर्ड बदलायचा असं ठरलं, पण कुठला, हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा खोल निघाला. नेहमीचा असतो तो १०४ कळांचा. आकड्यांचा चौकोन काढला की उरतात ८७. त्याहून बाण आणि होम-एंड अक्षरांना चिकटवून बसवले की ८४च्या आसपास. वरची एफ-एकपासूनची रांगही काढली की ६८च्या आसपास. आणि बाणसुद्धा काढून टाकले की ६१. बाजारात यांना टक्क्यांनी ओळखतात, पंचाहत्तर टक्के, पासष्ट टक्के, साठ टक्के. यातली चांगली गोष्ट अशी की बऱ्यापैकी कंपनीचे असले कीबोर्ड अक्षरं लहान करत नाहीत. एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर, मोठ्या कीबोर्डवर असतं तेच अंतर. बोटांना काही नवं शिकावं लागत नाही, फक्त आजूबाजूचं अंगण कमी होतं. अगदी स्वस्त आणि खेळण्यासारखे असतात ते मात्र कळाच बारीक करतात, आणि त्यावर दोन पानं टाइप केली की मनगटातून कळ निघते. आणखी एक गोष्ट मला टेप हातात असल्यामुळे उमगली. मोठ्या कीबोर्डचा मध्य आणि अक्षरांचा मध्य एक नसतो. कीबोर्ड पडद्यासमोर बरोबर मधोमध ठेवला की अक्षरं डावीकडे जातात आणि माऊस उजवीकडे लांब. इतकी वर्षं मी मान समोर, हात डावीकडे आणि माऊससाठी उजवा खांदा फाकवलेला, अशी बसत होते. खांद्याला रोज रात्री तेल लावून घेत होते आणि दोष वयाला देत होते.

शनिवारी लॅपटॉप पिशवीत टाकून लॅमिंग्टन रोडला गेले. भांडुपहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोड. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाट्यांवर आहे, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. फुटपाथवर केबलींची वेटोळी, चार्जरांचे ढीग, सोल्डरिंगचा तो जळका गोडसर वास. दादरच्या डीटीपी सेंटरचे मालक मला इथे रिबन आणि टोनर आणायला धाडायचे तेव्हाही हाच वास होता. गाडीत बसल्या बसल्या मी एका चिठ्ठीवर शब्द लिहून घेतले होते. कापड घेताना आपण चुरगळून बघतो, तसं कीबोर्ड घेताना काय करायचं? मी मध्य रेल्वेची स्टेशनं लिहिली. चिंचपोकळी, माटुंगा, घाटकोपर, भांडुप, ठाणे, विठ्ठलवाडी.

या यादीला कारण होतं. इन्स्क्रिप्टमध्ये डावा हात स्वर सांभाळतो आणि उजवा हात बहुतेक व्यंजनं. क म्हणायला उजवा, त्याला काना द्यायला डावा, एकाने फूल द्यावं आणि दुसऱ्याने ओवावं, असा हातांचा संवाद चालतो, आणि म्हणून तो एकदा बसला की इतका सुखाचा वाटतो. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो आखला, १९९१च्या भारतीय मानकात तो आला, आणि क सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच कळेवर सापडावा अशी त्याची रचना आहे. पण आपली व्यंजनं इंग्रजीपेक्षा जास्त. ती सव्वीस कळांत मावत नाहीत, म्हणून उजव्या कडेकडे सांडतात. अर्धविरामाच्या कळेवर च आणि छ. तिच्या शेजारी, अवतरणचिन्हाच्या कळेवर ट आणि ठ. वर चौकोनी कंसावर ड आणि ढ. इंग्रजी लिहिणाऱ्याला या कळा दिवसात चार वेळा लागत असतील. माझी करंगळी दिवसभर तिथेच राहायला असते.

काउंटरवरचा मुलगा विशीतला, चटपटीत. मी ‘छोटा’ म्हटल्याबरोबर त्याने एक पांढरा, पाटीएवढा ब्लूटूथ कीबोर्ड काढला. ‘‘हा बघा मॅडम, एकदम बारीक, पर्समध्ये जातो.’’ दिसायला गोड होता, किंमतही हलकी. मी लॅपटॉपला जोडला आणि सवयीने पहिलं नाव घराचंच मारलं. भ, काना, अनुस्वार, मग ड. पडद्यावरचा अनुस्वार नाहीसा झाला. मग उकार मारला तो ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकला, मग प. भांडुपचं असं काहीतरी झालं होतं की मला पाटी वाचता येईना. खाली बघितलं तर जिथे ड असतो तिथे, इंग्रजी पीच्या शेजारी, थेट बॅकस्पेस होतं. मी ड लिहायला गेले आणि त्याने माझा अनुस्वार पुसला होता.

‘‘ती कळ कुठे गेली?’’ मी विचारलं. ‘‘कोणती, कंसाची? फंक्शन दाबून ओ दाबा, येतो कंस.’’ आणि माझा चेहरा बघून म्हणाला, ‘‘कंस कोण एवढा वापरतं मॅडम?’’

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. त्याच्यासाठी तो कंस होता. ज्याने तो कीबोर्ड आखला त्याच्यासाठीही कंसच होता, आणि जागा कमी पडल्यावर घरातलं कुठलं माणूस गॅलरीत झोपेल हे ठरवावं तसं त्याने ठरवलं होतं की कंस बाहेर झोपेल. त्या कळेवर ड राहतो, ढ राहतो, ढगांचा आणि डोंगरांचा आणि डब्यांचा सगळा प्रपंच राहतो, हे त्याला कुणी सांगितलंच नसणार. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं आणि ते एवढ्याशा कीबोर्डपायी का यावं ते मला तिथे उभ्या उभ्या उमगलं नाही. मी त्या मुलाला म्हटलं, ‘‘तुझं गाव कुठलं?’’ ‘‘चिपळूण.’’ मग त्याचाच एक मोठा, नेहमीचा कीबोर्ड जोडून त्याला दाखवलं. करंगळी जिथे विसावते तिथेच च. डाव्या हाताने वेलांटी. प घरच्या रांगेतच. ळ आणि ण शिफ्टवर. त्याने वाकून बघितलं, स्वतःच्या करंगळीने अर्धविरामाची कळ दाबली, पडद्यावर च आला, पुन्हा दाबली, पुन्हा च. ‘‘हे इथेच होतं काय,’’ म्हणाला. त्यानंतर त्याने मला एकही कीबोर्ड विकायचा प्रयत्न केला नाही, नुसते एकेक काढून देत राहिला.

६१ कळांचा एक होता, सुंदर. च, ट, ड सगळे आपापल्या जागी, रुंदी साडेअकरा इंचांच्या आत. मोह पडला. पण बाण नव्हते, फंक्शन दाबून ते अक्षरांतून काढावे लागत, आणि माझं अर्धं आयुष्य बाणांवर चालतं. लिहिणाऱ्याला बाण नसले तरी चालेल, तपासणाऱ्याला चालणार नाही. ‘नीती’ची पहिली वेलांटी ऱ्हस्व पडली असेल तर बाणाने त्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन उभं राहायचं, एकदा बॅकस्पेस, की फक्त वेलांटी जाते आणि न शिल्लक राहतो, मग दीर्घ द्यायची. तेच अक्षराच्या डावीकडून डिलीट दाबलं तर बहुतेक ठिकाणी अख्खं अक्षर वेलांटीसकट उडतं. मराठीत चूक अक्षरात नसते, अक्षराला लागून असते. म्हणून प्रत्येक चुकीपर्यंत पायी चालत जावं लागतं, आणि एका पुस्तकात हे चालणं हजारो पावलांचं होतं. शेवटी ८४ कळांच्या कीबोर्डवर हात स्थिरावला. साडेबारा इंच. बाण आहेत, उजव्या कोपऱ्यात दाटीने. होम आणि एंड कडेला एकाखाली एक. विठ्ठलवाडीचे दोन्ही ठ जिथल्या तिथे आले.

कळांचा आवाजही निवडायचा होता, तो कळेखालच्या खटक्याच्या रंगावरून ओळखतात. निळ्या खटक्याच्या कळा दाबताच टकटक वाजतात, आणि त्या आवाजात मला चाळीतली खोली ऐकू आली, खरं सांगायचं तर त्याच घ्याव्यात असं फार वाटलं. तपकिरी जरा अडखळतात, लाल सरळ आणि शांत जातात. कळ ४ मिलिमीटर खाली जाते पण निम्म्यावर, २ मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. अण्णांना प्रत्येक अक्षर रोलरवर आपटेपर्यंत न्यावं लागे, त्यांची बोटं संध्याकाळी टोकाशी सुजलेली असत. मी लाल घेतला. फळी पाडल्यावर कित्येकदा मी मांडीवर पाट घेऊन काम संपवत बसते, आणि लेक तीन फुटांवर झोपलेला असतो. अडीच हजार गेले. एवढा महाग कीबोर्ड आजवर कधी घेतला नव्हता, परतीच्या गाडीत पिशवी छातीशी धरून बसले होते.

पहिला आठवडा सोपा गेला नाही. बाणांना जागा द्यायला उजवा शिफ्ट तोकडा केलेला असतो, आणि त्याच्या डावीकडे नव्हे तर उजवीकडे, करंगळीच्या वाटेत, वर जाणारा बाण. इन्स्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, उ ही डाव्या हाताच्या कळांवर शिफ्टसकट येतात, म्हणजे उजवा शिफ्ट सतत लागतो. करंगळी तिच्या जुन्या अंतरावर पडायची आणि बाण दाबला जायचा. कर्सर एक ओळ वर चढायचा आणि अ ऐवजी त्याच कळेवरचा हलन्त तिथे उमटायचा. मी ‘अर्थात’ लिहायला जायची आणि वरच्या ओळीत, आधीच तपासून ठेवलेल्या एखाद्या चांगल्या शब्दाचा पाय मोडायची. मुद्रितशोधन करणाऱ्याला याहून वाईट काय असेल, चूक नसलेल्या ओळीत आपल्या हाताने चूक पेरायची. दोन रात्री मी पूर्ण झालेलं प्रकरण पहिल्यापासून पुन्हा वाचलं. एकदा तर जुना कीबोर्ड कपाटावरून खाली काढला होता. पण फळीकडे बघितलं आणि परत ठेवला. आठव्या-नवव्या दिवशी करंगळी आपोआप आखडायला शिकली. मोठा कीबोर्ड पुढे ताई घेऊन गेली. ती पतपेढीत आहे, तिचा उजवा हात त्या सतरा कळांवर न बघता असा पळतो की बघत राहावं. तिच्याकडे त्यांची धूळ उडेल.

फळीवर आता लेकाची वही पूर्ण उघडते आणि तिच्या उजवीकडे दोन इंच लाकूड शिल्लक राहतं. तो काही बोलला नाही. बोलेल असं वाटलंही नव्हतं. जागा मिळाल्याचं मुलांना कळत नाही, ते नुसते तिच्यात पसरतात. तिसऱ्या दिवशी त्या दोन इंचांवर कंपास पेटी आली, मग खोडरबर, मग शेंगदाण्यांची वाटी. पण कोपर लाकडावर होतं. मी कामाच्या आडून बघत असे. खांदा खाली उतरलेला, मनगट सैल, पेन्सिल पट्टीला धरून एका दमात खाली येणारी. त्या रेघेचा बारीक खर्र आवाज मला पहिल्यांदा ऐकू येत होता, इतका माझा कीबोर्ड आता गप्प होता.

काल रात्री तो बराच वेळ पेन चावत बसला होता. मी एका लांब वाक्यात अडकले होते, कर्सर लुकलुकत होता. मधेच तो म्हणाला, ‘‘आई, तू काम करतेयस की थांबलीयस?’’

‘‘का रे?’’

‘‘आधी वाजायचं ना. वाजायचं थांबलं की मला कळायचं, तू शब्द शोधतेयस. तेव्हा मी विचारायचो. आता कळतच नाही कधी विचारायचं ते.’’

तीन वर्षं तो माझ्या खडखडाटावर कान ठेवून बसला होता, आणि मला वाटत होतं मी त्याच्यासाठी शांतता विकत आणली. मी कळांवर हात ठेवून बसून राहिले. काय सांगावं सुचेना. वाजणाऱ्या कळा बदलून आणू का, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यात त्याने वही माझ्या बाजूला सरकवली, ती कीबोर्डच्या कडेला येऊन टेकली, आणि आता एवढ्या जवळ आलेलं डावं कोपर त्याने माझ्या दंडात हळूच खुपसलं.

‘‘हे प्रमेय बघ ना.’’